आकडा सांगायचा: घरातली मोडतोड आणि तिचा पैसा

2023 च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे आमच्या वॉशिंग मशीनचा पाण्याचा पाइप नळावरून निसटला. पाचपाखाडीतली आमची इमारत जुनी, सोसायटी पाणी सव्वापाचला सोडते. आम्हाला जाग आली सहाला, खालच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा. तोवर पाणी बाल्कनीतून हॉलमध्ये आणि फरशीच्या सांध्यांतून खाली काकूंच्या पीओपीवर उतरलं होतं. मेन कॉक कुठे आहे ते मला ठाऊक होतं, पण चौदा वर्षांत तो कोणी फिरवलेला नव्हता. जागचा हलेना. शेवटी वॉचमनने गच्चीवर जाऊन अख्ख्या विंगचं पाणी बंद केलं.

प्लंबरने कॉक आणि पाइप बदलून 2,200 घेतले, इलेक्ट्रिशियनने 900, काकूंच्या छताचं काम 14,500. एकूण 17,600. हाताशी तेवढे नव्हते म्हणून 50,000 ची मुदत ठेव मोडली, पूर्णच्या पूर्ण. आणि हे मी कोणाजवळ बोलले नाही. ठाण्यातल्या एका पतपेढीत मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. पैशाचं माझंच गणित चुकलं, हे सांगायला जीभ रेटेना.

आम्ही चौघी मैत्रिणी सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतो आणि मग बाकावर बसतो. एकमेकींना गावावरून हाक मारायची सवय आहे: चरईवाली, वर्तकनगरवाली, कळव्याची आणि मी. तीन आठवड्यांनी चरईवाली सहज म्हणाली, तिच्याकडेही मशीनचा पाइप गेला होता, कॉकसकट साडेआठशेत काम झालं. मी माझा आकडा सांगितला तेव्हा ती गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, मला एक फोन तरी करायचास."

तेव्हापासून आमचा नियम आहे. घरात काही फुटलं, गळलं, जळलं की ते बाकावर सांगायचं, आणि आकड्यासकट सांगायचं. भाजीचा भाव आपण रस्त्यावर मोठ्याने बोलतो, पण प्लंबरला किती दिले, कार्डाचं किती थकलंय, हे जवळच्या मैत्रिणीपासूनही झाकतो. ज्याचा भाव कोणी बोलत नाही त्याचा भाव कारागीर ठरवेल तोच. चार घरांच्या अशा बोलण्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे.

पहिला तास

आज संध्याकाळी घरातले सगळे कॉक शोधा. एक मेन, शिवाय स्वयंपाकघर, बाथरूम, संडास, गिझर आणि मशीनचे वेगळे. प्रत्येक कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडा. जुन्या इमारतींत पितळी चक्राचा गेट व्हॉल्व्ह असतो. तो वर्षानुवर्षं फिरवला नाही की क्षार धरून जाम होतो, आणि जोर लावला तर दांडाच हातात येतो. तो बदलून दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाव फेरीत बंद होतो, आणि दांडी पाइपला आडवी दिसली की पाणी बंद, हे लहान मुलालाही कळतं. मी प्रत्येक कॉकवर नेलपॉलिशने खूण केली आहे आणि स्वयंपाकघराच्या दारामागे कागद लावला आहे: लाल खूण मेन, हिरवी गिझर. दर महिन्याच्या एक तारखेला सगळे एकदा फिरवते.

मशीन लावून झाली की तिचा नळ बंद करायचा, रोज. नळ उघडा राहिला तर पाणी चालू असेल तोवर त्या पाइपवर दाब सतत असतो, आणि टोकाचं रबरी वॉशर कडक झालं की पाइप निसटतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. पाइप फुगलेला किंवा भेगाळलेला दिसला की फाटायची वाट न बघता नवा आणा.

पाणी वाहू लागलं तर क्रम असा: कॉक बंद, मग ज्या खोलीत पाणी शिरलंय तिची वीज बंद. बोर्डालाच ओल लागली असेल तर हात लावू नका. खाली मीटरच्या खोलीतून बंद करून घ्या. आणि पुसायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा. आपला हात आपोआप पोछ्याकडे जातो, पण नंतर सोसायटीला, विमा कंपनीला किंवा खालच्या घराला दाखवायला तोच व्हिडिओ लागतो. पाणी कुठून आलं, कुठवर गेलं, काय भिजलं, दोन मिनिटांत सगळं येतं.

पावसाळ्यात घरातली वीज अचानक जाते आणि शेजारी असते, तेव्हा बहुधा बोर्डातला आरसीसीबी हा सुरक्षा स्विच पडलेला असतो, ज्याला बरेच जण ईएलसीबी म्हणतात. कुठेतरी करंट गळतोय हे तो सांगत असतो, म्हणून पुन्हा पुन्हा जोराने वर ढकलू नका. हात आणि पाय कोरडे करा. सगळ्या एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे स्विच, खाली घ्या, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर घ्या. जिच्यापाशी पुन्हा पडेल तिच्या लाइनवर दोष आहे. ती खालीच ठेवा, बाकीचं घर चालू राहील. मग त्या लाइनवरचे सगळे प्लग काढून ती वर करून पाहा. टिकली तर एकेक वस्तू लावत जा. वर्तकनगरवालीकडे दोन वर्षांत तीनदा वीज अशी गेली. तिसऱ्यांदा तिने हे करून पाहिलं, तर गिझरची कॉइल निघाली. आधीच्या दोन्ही वेळी इलेक्ट्रिशियन फक्त बटण वर करून 400 घेऊन गेला होता.

गॅसचा वास आला तर बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि घराबाहेर जाऊन फोन. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा नंबर चोवीस तास चालतो. पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा कॉक बंद करा आणि बिलावरचा आपत्कालीन नंबर आधीच दारामागच्या कागदावर लिहून ठेवा. सिलिंडरची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. आम्ही चौघींनी एकाच दिवशी घरी जाऊन बघितली. दोघींच्या नळ्यांची मुदत संपून गेली होती.

खर्च कोणाचा

इथे लोक शरमेने आणि भांडण नको म्हणून भलते पैसे भरतात. वर्तकनगरवाली वरच्या मजल्यावर राहते. गच्चीतून पाणी झिरपून तिच्या बेडरूमच्या छताचे पोपडे पडायचे. सलग दोन पावसाळ्यांनंतर तिने स्वतःच्या पैशाने प्लॅस्टर आणि रंग करून घेतला, 18,000 गेले. तिसऱ्या पावसाळ्यात ओल परत आली तेव्हा ते ती बाकावर बोलली.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, हे लिहिलेलं आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन, पावसाच्या पाण्याची गळती, आणि गच्चीतून गळून वरच्या मजल्याच्या घरातलं छत आणि प्लॅस्टर खराब झालं असेल तर तेसुद्धा, या दुरुस्त्या सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या. घरातल्या संडास, सिंक वगैरेंतून होणारी गळती मात्र त्या घरमालकाची. म्हणजे माझ्या मशीनचं पाणी काकूंच्या छतावर गेलं, तो खर्च माझाच होता, आणि तो मी विनातक्रार दिला. पण वर्तकनगरवालीचे 18,000 तिचे नव्हते.

तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत कार्यालयातून मागून घ्या. मग अर्ज लिहा: तारीख, कोणती खोली, कधीपासून, सोबत फोटो. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर पोचेची सही-शिक्का घ्या. लिफ्टमध्ये सेक्रेटरींना तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही. आपण दर महिन्याला मेंटेनन्समध्ये दुरुस्ती निधी भरतो, वर्षाला बांधकाम खर्चाच्या निदान 0.75 टक्के, आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम, निदान 0.25 टक्के. मागताना संकोच कशाला? वर्तकनगरवालीने मार्चमध्ये अर्ज दिला, दोनदा आठवण दिली, आणि मे संपायच्या आत गच्चीवर नवा कोबा झाला. आधीचे 18,000 परत आले नाहीत.

दोन घरांमध्ये गळती कोणाची यावर वाद असेल तर भांडायच्या आधी साधी चाचणी करा. वरच्या घराने नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवायचं, थोडा रंग टाकायचा, आणि चोवीस तास खालचं छत बघायचं. रंग उतरला तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. रंग उतरला नाही आणि ओल वाढतच राहिली तर भिंतीतली लाइन तपासा. आधी हे न करता अख्खी फरशी फोडणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत.

घराच्या विम्याबद्दल थोडंसं. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी विमा कंपन्या देतात. तिच्यात आग, पूर, वादळ यांच्याबरोबर पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. हळूहळू झिरपून झालेली ओल किंवा वापराने झालेली झीज तिच्यात बसत नाही.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक मोडतोडीला एक ओळ: तारीख, काय बिघडलं, सामान किती, मजुरी किती, कोणी केलं, गॅरंटी कधीपर्यंत. सामान आणि मजुरी वेगळी लिहा, कारण फसवणूक बहुतेक त्या दोन्हींच्या बेरजेत लपते. जांभळी नाक्याच्या बाजारात दोन दुकानांत विचारलं की सामानाचा भाव कळतो. मजुरीचा भाव फक्त मैत्रिणीच सांगतील. कारागिराला फोनवरच तीन गोष्टी विचारा: नुसतं बघायला यायचे किती, मजुरी किती, सामान कोण आणणार. जुना सुटा भाग परत मागा. तो परत द्यावा लागणार हे आधी कळलं तर न बिघडलेला भाग बदलला जात नाही.

माझी वही 2019 पासूनची आहे. तिच्यातले आकडे इथे देते, कारण मी दुसऱ्यांना द्यायला सांगते आहे. 2019 मध्ये 9,400. 2020 मध्ये 6,150. 2021 ला 21,300, 2022 ला 11,750. 2023 ला, पाइपच्या वर्षी, 38,200. 2024 ला 19,640. सहा वर्षांची बेरीज 1,06,440, म्हणजे वर्षाला सरासरी 17,740 आणि महिन्याला 1,478.

ही बेरीज मी पहिल्यांदा केली त्या रात्री बराच वेळ वहीकडे बघत बसले. प्रत्येक वेळी मी याला 'अचानक आलेला खर्च' म्हणत होते. पण दर वर्षी काहीतरी मोडलंच आहे, एकही वर्ष कोरडं गेलेलं नाही. नेमकं काय मोडेल आणि कोणत्या तारखेला, एवढंच अचानक होतं. दूधवाल्याचे पैसे आपण जसे बाजूला काढतो तसे हे 1,500 पगार किंवा पेन्शन आल्याच्या दिवशी काढायचे. तुमच्याकडे वही नसेल तर आज आठवतील तेवढे मागच्या दोन वर्षांचे खर्च लिहा आणि चोवीसने भागा. आकडा कमीच येईल, कारण आपण विसरतो. त्यात चौथा हिस्सा वाढवा.

पैसे कुठे ठेवायचे

दर महिन्याला बाजूला काढलेल्या या पैशातले 10,000 वेगळ्या बचत खात्यात ठेवा, म्हणजे रात्री अकरालाही काढता येतील. किराणा आणि मोडतोड एका खात्यात असले की मोडतोडीचे पैसे किराण्यात विरघळतात. त्यावरचं जमेल तसं 10,000 किंवा 20,000 च्या छोट्या मुदत ठेवींत टाका. मी केलेली चूक करू नका. एकच मोठी ठेव असली तर 17,600 साठी 50,000 मोडावे लागतात, आणि मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. छोट्या पाच असल्या तर एकच मोडते, बाकी चार चालू राहतात.

पतपेढीत आयुष्य गेलं म्हणून एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. बँकेतल्या ठेवीला, व्याज धरून, दर बँकेमागे दर ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. सहकारी बँकाही त्यात येतात. पतपेढी, म्हणजे सहकारी पतसंस्था, त्यात येत नाही. खातेदार मला विचारायचे आणि मी खरं तेच सांगायचे. संस्थेवर विश्वास असेल तर जरूर ठेव ठेवा, पण अडीअडचणीचा पैसा विम्याच्या छत्राखालीच असू द्या.

क्रेडिट कार्डावर दुरुस्ती केली तर पूर्ण बिल भरता येईल तेव्हाच. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, ही ओळ फार घातक आहे. 30,000 थकले आणि दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज असेल तर एका महिन्याचे 1,050, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 189. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. चरईवालीने फ्रिज बिघडल्यावर नवा 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेतला, तेव्हा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी मिळून काही शे रुपये वर गेले. फार नव्हे, पण विनाखर्च नव्हे. रोख भरून किती सूट मिळते ते विचारून मगच ठरवा.

आणि आमची भिशी. चौघींत दोघी शेजारणी मिळवून आम्ही सहा जणी आहोत, दर महिन्याला 2,000, म्हणजे प्रत्येकीला सहा महिन्यांत एकदा 12,000. चिठ्ठ्या टाकतो, पण एक नियम वेगळा आहे: घरात मोडतोड झाली असेल तिने सांगितलं तर त्या महिन्याची भिशी तिची, आणि तिचा पुढचा नंबर चिठ्ठी निघालेलीला. व्याज नाही, उपकार नाही. भिशी फक्त ज्यांच्या घरी आपण न सांगता जाऊ शकतो अशांबरोबरच करा, आणि उचल झाल्यावर हप्ता चुकवणारीला पुढच्या फेरीत घेऊ नका. हे बोलायला अवघड जातं, म्हणून सुरुवातीलाच बोलून ठेवा.

कळव्याचीची गोष्ट

हे तिला विचारून लिहिते आहे. तिची मशीन बंद पडली. तिने इंटरनेटवर कंपनीचा सर्व्हिस नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला, दहा रुपये नोंदणी भरा म्हणाला, एक ॲप टाकायला लावलं. त्या ॲपमधून त्याला तिच्या फोनचा पडदा दिसत होता. पंधरा मिनिटांत 42,000 गेले.

ती नऊ दिवस कोणालाच बोलली नाही. रोज तलावावर येत होती, आमच्याबरोबर चालत होती. दहाव्या दिवशी बाकावर रडली.

असं झालं तर शरम नंतर, आधी फोन. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि लगोलग आपल्या बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करायचं. तासाभरात कळवलं तर पुढच्या खात्यात पोचलेले पैसे रोखले जाण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम असा आहे: चूक ना बँकेची ना आपली, मधल्या तिसऱ्याची असेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही; चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतं. आपणच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आपली चूक आहे असं वाटत असलं तरी कळवायचंच. सर्व्हिसचा नंबर वस्तूच्या वॉरंटी कार्डावरून किंवा मागच्या स्टिकरवरून घ्या. पैसे मिळायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

तिला आम्ही कोणी "एवढंही कळलं नाही का" म्हटलं नाही. पैशाचं बोलणं चालू ठेवायचं असेल तर हा शब्द बाकावर बंद. बाकावरचा आकडा घरी नवऱ्याला, सासूला सांगायचा नाही, हे दुसरं. आणि मैत्रिणीला उसने दिले तर रक्कम आणि परतीची तारीख दोघींच्या वहीत लिहायची, कितीही जवळची असली तरी. पैसे मागायची वेळ आली की मैत्रीण फोन टाळू लागते. तारीख लिहिलेली असली तर कोणालाच टाळावं लागत नाही.

त्या दिवशी चरईवाली तिच्याबरोबर बँकेत गेली, मी तक्रारीचा मजकूर लिहिला. 42,000 पैकी 6,500 एका खात्यात अडकलेले सापडले आणि चार महिन्यांनी परत आले. नव्या मशीनसाठी त्या महिन्याची भिशी तिने घेतली, आणि दुकानात जाऊन पाइप आणि कॉकचेही भाव लिहून आणले. आमच्या चौघींच्या वह्यांत ते आहेत: पाइप 320, कॉक 280, बसवायचे 250.